अंदमानला स्कूबाचं सामान नेताना केबिन बॅगेत काय ठेवायचं, चेक-इनमध्ये काय?

पुण्याची_मासोळी

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत नवरा आणि मी अंदमानला चाललोय, हॅवलॉकला डायव्हिंग करायचंय. ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचा पहिला कोर्स) दोघांचाही झालाय. आतापर्यंत सगळं सामान डाइव्ह शॉपचंच वापरलं पण यावेळी मी माझं स्वतःचं घेतलंय, म्हणजे रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) अख्खा सेट, योकवाला (सिलिंडरला शिकंज्याने बसणारा), ऑक्टोपस (जोडीदारासाठीचा जास्तीचा माउथपीस) आणि गेजसकट, शिवाय बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट), ३ मिमीचा वेटसूट, बुटांवर चढवायचे फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर, एक टॉर्च, आणि ज्यात माझा सगळा जीव अडकलाय तो नंबरच्या काचेचा मास्क. नंबर साडेचारच्या पुढे आहे त्यामुळे साध्या मास्कमधून मला हातभर अंतरावरचा मासाही नीट दिसत नाही, तो मास्क हरवला किंवा फुटला तर ट्रिपला काही अर्थच उरणार नाही.

विमान मुंबई–चेन्नई–पोर्ट ब्लेअर, एकाच तिकिटावर आहे. केबिन ७ किलो आणि चेक-इन १५ किलो. घरी सगळं जमिनीवर मांडून बघितलं तर हे कसं बसणार काही कळेना. बहीण म्हणते रेग्युलेटर हातातच ने, नवऱ्याचं म्हणणं की एवढे काळे पाइप आणि धातूचे गोळे एक्स-रेत बघून सिक्युरिटीवाले अडवतीलच.

तर प्रश्न असे की रेग्युलेटर केबिनमध्ये चालतो का आणि नळ्या न मोडता पॅक कसा करायचा? टॉर्चची बॅटरी सुटी होते, १८६५० नंबरची लिथियम, दोन जास्तीच्या पण आहेत, त्या कुठे? फिन्स ६४ सेंटिमीटर लांब आहेत, ते केबिन बॅगेत बसवायचा प्रयत्न करू का? आणि एक छोटा डाइव्ह नाइफ आहे, तो आणू का?

शेवटचं म्हणजे परतीचं विमान रविवारी सकाळी साडेसातला आहे आणि शनिवारी सकाळी दोन डाइव्ह ठरवल्यात, बारापर्यंत वर येऊ. एवढं अंतर पुरतं ना? कोर्समध्ये शिकवलं होतं पण आता तिकीट हातात आल्यावर नक्की विचारावंसं वाटतंय.

---

मालवणी_डायव्हर

ताई, रेग्युलेटर केबिनमध्ये चालतो. त्यात ना धार, ना गॅस, ना बॅटरी, मग अडवायला कारण काय. बॅग उघडायला सांगू शकतात, तेव्हा शांतपणे सांगायचं की पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण आहे, स्कूबा डायव्हिंगचं. सर्टिफिकेशन कार्ड मोबाइलमध्ये किंवा पाकिटात तयार ठेवा. रेग्युलेटर बॅगेत सगळ्यात वर ठेवा म्हणजे बॅग उघडायची वेळ आली तर खालचे कपडे उपसावे लागणार नाहीत, आणि आपण स्वतःच काढून दाखवायचा, त्यांना ओढून काढायला लावू नका कारण नळी धरून उचललं की जोडावर ताण येतो.

आता पॅकिंग. फर्स्ट स्टेजची, म्हणजे सिलिंडरला बसणाऱ्या धातूच्या भागाची, डस्ट कॅप आधी कोरडी करून घट्ट लावा. नळ्यांचं वेटोळं कढईच्या तोंडाएवढं मोठं ठेवायचं, लहान करायला जाऊ नका. नळी मधून मोडत नाही, जिथे ती धातूच्या टोकात शिरते तिथे मोडते, तो कोपरा दाबला गेला की आतल्या थरांना बारीक चिरा जातात आणि वरून काहीच कळत नाही. रबरी प्रोटेक्टर लावले असतील तर ते मागे सरकवून खालची जागा एकदा बघून घ्या. दोन्ही सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचे भाग, मऊ टी-शर्टमध्ये गुंडाळा, त्यांच्या पर्ज बटणावर (दाबलं की हवा सुटते ते) काही जड येऊ देऊ नका. बटण तासन्‌तास दाबलेलं राहू नये. गेजची काच आतल्या बाजूला आणि फर्स्ट स्टेज मधोमध, चारी बाजूंनी कपडे. वेगळी रेग्युलेटर बॅग असली तर छानच, पण तिचंही वजन धरावं लागतं हे लक्षात ठेवा.

मास्क त्याच्या कडक प्लास्टिकच्या डब्यातच आणि तो डबा केबिनमध्येच. तुमच्या मास्कबद्दल तर प्रश्नच नाही. डब्याशिवाय ठेवला तर सिलिकॉनची कड दुमडून राहते आणि मग चेहऱ्यावर नीट बसत नाही, पाणी शिरत राहतं. कॉम्प्युटर मनगटावर घालून जा, बॅगेच्या वजनात तो येतच नाही.

खरी अडचण वजनाची आहे, साइजची नाही. योकवाला सेट ऑक्टोपस-गेजसकट अडीच ते तीन किलो भरतो. चाकांची केबिन ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे तिथेच सहा किलो झाले. म्हणून ट्रॉली घरी ठेवा आणि साधी मऊ सॅक घ्या, आठ-नऊशे ग्रॅमची. मग हिशोब असा येतो, सॅक पाऊण-एक किलो, रेग्युलेटर तीन, मास्क डब्यासकट अर्धा, टॉर्च-बॅटऱ्या-चार्जर-पॉवर बँक मिळून एक, एक जोड कपडे आणि औषधं. सहा-साडेसहामध्ये बसतं. घरी काट्यावर मोजूनच निघा, सामान मोजायचा हुकवाला काटा चारपाचशे रुपयांत मिळतो आणि परतीच्या वेळी त्याचीच जास्त गरज पडते.

चेक-इनमध्ये बीसीडी, फिन्स, बूट, वेटसूट. बीसीडी साडेतीनच्या आसपास, फिन्स आणि बूट मिळून तीन, वेटसूट दीड-दोन. बॅगेचे दोन धरले तरी साडेदहा झाले, चार-साडेचार किलो कपड्यांना उरतात, हॅवलॉकला तेवढे खूप होतात. नवऱ्याच्या बॅगेतही तुमचं काही जाईलच.

फिन्सचं म्हणाल तर ५५ बाय ३५ च्या बॅगेचा कर्ण ६५ सेंटिमीटर येतो, त्यामुळे ६४ चे फिन्स तिरके घातले तर कागदावर बसतात. पण पात्याला रुंदी आणि बुटाच्या खाचेला जाडी असते, कोपऱ्यात अडकतात आणि अख्खी बॅग त्यांचीच होऊन जाते. चेक-इनमध्येच टाका. मोठ्या बॅगेत दोन्ही कडांना एकेक उभा ठेवला तर मधल्या सामानाला आधारच होतो. पाय घालायच्या खाचेत मोजे कोंबा म्हणजे तिचा आकार बिघडत नाही.

नाइफ चेक-इनमध्ये, म्यानात घालून. लाइन कटर (दोरा कापायचं छोटं पातं) असला तर तोही तिकडेच, पातं लहान असलं तरी पातंच ते. शिसाची वजनं मात्र कुठेच नेऊ नका, तिकडे मिळतातच. बीसीडीच्या वजनाच्या खिशात एखादा तुकडा राहिलाय का तेवढं चाचपून बघा.

शनिवारच्या डाइव्हबद्दल सविस्तर लिहायचंय, संध्याकाळी लिहितो.

---

ठाणेकर_व्होल्ट

बॅटरीचं मी सांगतो कारण अंडरवॉटर फोटोग्राफीमुळे माझ्या बॅगेत नुसत्या बॅटऱ्याच असतात.

सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये, चेक-इनमध्ये अजिबात नाही. हा नियम सगळीकडे आहे आणि त्याला कारण आहे. बॅटरी शॉर्ट होऊन पेटली तर केबिनमध्ये माणसं आहेत, लगेच लक्ष जातं, विझवता येते, खाली सामानात पेटली तर कोणाचा हात पोचत नाही. पॉवर बँकेलाही हेच लागू.

मर्यादा वॉट-अवरमध्ये असते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. तुमच्या १८६५० वर समजा ३.६ व्होल्ट आणि ३४०० एमएएच लिहिलंय तर ३.६ गुणिले ३.४ म्हणजे सव्वाबारा वॉट-अवर झाले. मोठी २१७०० असली, ५००० एमएएचची, तरी १८ च येतात. मर्यादा आहे १०० ची, तेव्हा तुम्ही खूपच खाली आहात. १०० ते १६० मधल्या असतील तर एअरलाइनची आधी परवानगी लागते आणि सुट्या दोनच नेता येतात, १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. हे सांगतोय कारण पाण्याखालची स्कूटर घेऊन जाणारे लोक हल्ली वाढलेत आणि तिची बॅटरी कधी कधी मर्यादेबाहेरची असते, घेण्याआधीच आकडा बघून घ्यावा.

प्रत्येक सुटी बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा. डबी नसेल तर दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप. किल्ल्या नाहीतर नाण्यांच्या खिशात कधीच टाकू नका. बॅटरीवरचा छापील आकडा वाचता येईल असं बघा. कवच सोललेल्या, काहीच न लिहिलेल्या बॅटऱ्या काढून ठेवायला लावल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय, तिथे वाद घालून उपयोग नसतो.

आता टॉर्च. डाइव्ह टॉर्च हवेत चालू राहिला तर प्रचंड तापतो कारण तो पाण्यात थंड व्हायच्या हिशोबाने बनवलेला असतो. त्यामुळे आतली बॅटरीसुद्धा काढून डबीत घाला आणि टॉर्च रिकामा न्या, केबिनमध्येच. स्विचला लॉक असला तरी काढाच. प्रवासात बॅगेत चुकून बटण दाबलं गेलं आणि शेजारी वेटसूटचा निओप्रीन असला तर काय होईल याचा विचार करा.

अजून एक, हे कोणी फारसं सांगत नाही. कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाण्याखाली कॅमेरा ठेवायचा डबा) असेल तर ते विमानात हवाबंद ठेवू नका. वर गेल्यावर केबिनचा दाब कमी होतो, आतली हवा सीलमधून थोडी बाहेर निसटते, खाली उतरल्यावर बाहेरचा दाब वाढतो आणि झाकण इतकं घट्ट बसतं की उघडता उघडत नाही. मुख्य ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) काढून छोट्या पिशवीत ठेवायची नाहीतर झाकण अर्धवट उघडं ठेवायचं. टॉर्चची बॅटरी काढली की त्याचंही हे काम आपोआप होतं, झाकण फार आवळू नका म्हणजे झालं.

---

डोंगर_आणि_दर्या

मला थोडं वेगळं सांगायचंय, रागावू नका. एवढं सगळं न्यायचंच कशाला? हॅवलॉकला बहुतेक ठिकाणी डाइव्हच्या दरात सामान धरलेलंच असतं, स्वतःचं नेलं म्हणून फार काही कमी करत नाहीत. मग १५ किलोच्या बॅगेतले आठ-नऊ किलो आणि केबिनमधले तीन किलो कशाला घालवायचे? मी मास्क, कॉम्प्युटर आणि एक पातळ रॅश गार्ड एवढंच नेतो. मास्क कारण चेहरा ज्याचा त्याचा, कॉम्प्युटर कारण त्यात माझा नायट्रोजनचा हिशोब असतो आणि तो दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा नसतो. बाकी शॉपचं. पाणी तिकडे २७ ते ३० डिग्री, वेटसूट कोणाचाही चालतो.

आणि स्वतःचा रेग्युलेटर म्हणजे वर्षातून एकदा सर्व्हिसिंग आलं. वर्षात एकदाच डायव्हिंगला जाणाऱ्याला हे परवडतं का ते आधी बघावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

मालवणी_डायव्हर

@डोंगर_आणि_दर्या, दादा, नवीन माणसाने आधी मास्क घ्यावा, मग कॉम्प्युटर, हा क्रम अगदी बरोबर आहे आणि मीही सगळ्यांना हेच सांगतो. फक्त ताईंनी सेट घेतलाय, आता तो कपाटात ठेवण्यात काय अर्थ? आपला रेग्युलेटर आपल्या दाताला, आपल्या श्वासाला सवयीचा होतो, गेज कुठे लटकतंय, ऑक्टोपस कुठल्या बाजूला आहे हे न बघता हाताला कळतं. अडचणीच्या वेळी ते दोन सेकंद फार मोलाचे असतात. वेटसूट कोणाचाही चालतो हेही मला पूर्ण पटत नाही, सैल सूटमधून पाणी खेळत राहतं आणि दुसऱ्या डाइव्हला थंडी वाजते, तिसाव्या मिनिटाला कुडकुडणाऱ्या माणसाची हवाही लवकर संपते.

पण ताई, त्यांच्या सर्व्हिसिंगच्या मुद्द्यावरून आठवलं. नवा सेट थेट हॅवलॉकला पहिल्यांदा पाण्यात नेऊ नका. पुण्यात जिथे पूलमध्ये शिकलात तिथे जाऊन सिलिंडर लावून एकदा श्वास घेऊन बघा, सेकंड स्टेजमधून आपोआप हवा सुटते का, बीसीडीच्या इन्फ्लेटरची नळी नीट बसते का, बीसीडी फुगवून रात्रभर ठेवल्यावर सकाळी तेवढीच फुगलेली असते का. काही निघालं तर घरी दुरुस्त होईल. आणि ज्या शॉपकडे जाताय त्यांना आधीच विचारा सिलिंडरचा व्हॉल्व्ह योक आहे की डिन (आट्यांनी बसणारा). आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी योकच असतात त्यामुळे तुमची अडचण होऊ नये, पण डिनवाला रेग्युलेटर नेणाऱ्याला अडॅप्टर बरोबर ठेवावा लागतो आणि तो भरीव धातूचा असल्याने सात किलोच्या बॅगेत त्याचं वजन चांगलंच जाणवतं.

आता शनिवारचं. बारा वाजता वर आलात आणि रविवारी साडेसातला विमान, म्हणजे साडेएकोणीस तास होतात. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅनचं मार्गदर्शन असं आहे की डीकॉम्प्रेशन थांबा (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना वाटेत थांबणं) नसलेली एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एका दिवसात जास्त डाइव्ह किंवा लागोपाठचे काही दिवस डायव्हिंग असेल तर किमान १८ तास, आणि डीकॉम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर १८ पेक्षा बरेच जास्त. तुम्ही मधल्या गटात येता, म्हणजे नियमाने बसतं. पण १८ हा किमान आकडा आहे आणि मला तुमची ही आखणी आवडलेली नाही, मोकळेपणाने सांगतो.

केबिनमध्ये दाब असतो खरा पण तो जमिनीवरचा नसतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो. डाइव्हमध्ये अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, तो पुरेसा पडायच्या आत बाहेरचा दाब कमी केला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, असामान्य थकवा, ही सगळी त्याची लक्षणं. विमानात त्यावर करण्यासारखं फार थोडं असतं. आणि १८ तास पाळले की धोका शून्य होतो असंही नाही, तो कमी होतो. तेव्हा शक्य असेल तर २४ च्या पुढेच ठेवा. त्यात शनिवारी पहिली डाइव्ह उशिरा सुरू झाली, लाटांमुळे बोट थांबली, तर बाराचा दीड कधी वाजतो कळतही नाही आणि तुमच्या हातात असलेला दीड तास तिथेच संपतो. त्याच दुपारी हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरची फेरी बोटपण पकडायचीय. माणूस घाईत असला की सामान नीट धुतलंही जात नाही.

आणि सामानाचं कारण तर आहेच. शनिवारी दुपारी ओला झालेला वेटसूट, बूट आणि बीसीडी रविवारी पहाटेपर्यंत वाळत नाही. जाताना दोन किलोचा असलेला सूट येताना पाणी धरून भलताच जड होतो आणि बीसीडीच्या पिशवीत पाणी उरलं तर तेही जड. काउंटरवर जास्तीच्या किलोचे पैसे भरावे लागतात, ते आधी ऑनलाइन घेतलेल्यापेक्षा महाग पडतात. शुक्रवारी शेवटची डाइव्ह करा, शनिवारी नाही.

---

बेटावरची

मी पोर्ट ब्लेअरलाच राहते, नवऱ्याची नोकरी इथे आहे. आता शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, २०२४ पासून, आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप, २०१८ पासून. फेरीच्या तिकिटावर स्वराज द्वीप बघून गोंधळू नका, तेच ते.

वरच्या दादांनी सांगितलं ते खरंच ऐका. शुक्रवारी दुपारी सामान गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, रेग्युलेटरची डस्ट कॅप लावूनच, आणि बुडलेला असताना पर्ज बटण दाबू नका नाहीतर पाणी नळीतून वर फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. बीसीडीत थोडं गोडं पाणी घालून हलवायचं आणि उलटी धरून सगळं काढायचं. मग सावलीत, वाऱ्यावर टांगा. उन्हात घातलं की लवकर वाळेल असं वाटतं पण सिलिकॉन आणि निओप्रीनचं नुकसान होतं. इथली हवा दमट, शिवाय फेब्रुवारीत साडेपाचला अंधार पडायला लागतो त्यामुळे संध्याकाळी वाळत घातलेलं काहीच वाळत नाही. वेटसूट आधी आतून बाहेर करून वाळवा, मग उलटा करा. बूट तर सगळ्यात उशिरा वाळतात, त्यात वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि बदलत राहा. शनिवारी सकाळच्या फेरीने इकडे आलात तर हॉटेलच्या बाल्कनीत पुन्हा एकदा टांगता येतं आणि तुम्ही सेल्युलर जेल बघून येऊ शकता. १९०६ साली बांधून झालेलं, सावरकरांची कोठडी तिथेच आहे, आपल्या माणसाने ती बघितल्याशिवाय परत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता परतीच्या बॅगेबद्दल, हे कळकळीने सांगते. समुद्रातून किंवा किनाऱ्यावरून कोरलचा तुकडा, मग तो मेलेला, पांढरा पडलेला का असेना, बॅगेत घालू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कोरलला संरक्षण आहे, काही शंखांनाही आहे. इथल्या विमानतळावर एक्स-रेत ते दिसतं आणि काढून घेतात, पुढे कारवाईही होऊ शकते. बीसीडीच्या खिशात, बुटाच्या तळाशी चुकून आलेला तुकडाही निघतो म्हणून खिसे उलटे करून बघा. दुकानातून शंखाची वस्तू घेतली तर बिल हाताशी ठेवा. किनाऱ्यावरचे रिकामे शंखही राहू द्या, संन्यासी खेकड्यांना घर म्हणून तेच लागतात.

---

मस्कतकर

ताईंच्या प्रवासाला थेट लागू नाही पण हा धागा परदेशातून येणारेही वाचतील म्हणून लिहितोय. मी ओमानमध्ये डायव्हिंग करतो, दिमानियात बेटांजवळ, आणि सुट्टीत भारतात येताना सामान घेऊन येतो.

एक, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र डायव्हिंग आणि ट्रेकिंगवाले हल्ली बाळगतात. भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही, सॅटेलाइट फोनही नाही. विमानतळावर असं यंत्र सापडल्यामुळे परदेशी पाहुण्यांवर पोलीस केस झालेल्या आहेत. घरीच ठेवून या. साधा डाइव्ह कॉम्प्युटर किंवा जीपीएसवालं घड्याळ ही वेगळी गोष्ट, त्याला काही नाही.

दोन, भारतातून मालदीव नाहीतर थायलंडला महागडा कॅमेरा आणि हाउसिंग घेऊन जाणाऱ्यांनी निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं, वस्तूचा सीरियल नंबर त्यावर येतो. परत येताना ही वस्तू बाहेरून विकत आणली नाही हे दाखवायला तेच कामाला येतं. त्यासाठी थोडं लवकर पोचायचं.

तीन, वेगवेगळ्या तिकिटांवर पुढचं विमान असेल तर दोन्हीकडच्या वजनाच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि लहान मर्यादा असेल तीच धरून पॅक करायचं. बाहेरून ३० किलो घेऊन मुंबईत उतरायचं आणि पुढच्या देशी विमानाला १५ च किलो, असं अनेकांचं होतं. तुमचं एकाच तिकिटावर आहे ते चांगलं.

आणि एका एअरलाइनच्या काउंटरवर केबिन बॅग वजनात जास्त भरली म्हणून माझा रेग्युलेटर ऐनवेळी खाली सामानात टाकायला लावला होता. म्हणून मी आता चेक-इन बॅगेत वेटसूटच्या घडीत रेग्युलेटरच्या आकाराची एक पोकळी ठेवूनच बॅग भरतो. वेळ आलीच तर तो मऊ जागेत जातो, फिन्सच्या कडेला आपटत नाही. बॅटऱ्या मात्र आधी काढून खिशात घ्यायच्या, बॅग खाली टाकायला लावली तरी त्या तुमच्याबरोबरच वर गेल्या पाहिजेत, घाईत नेमकं हेच विसरायला होतं.

---

पुण्याची_मासोळी

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रात्री नवऱ्याला बसवून अख्खा धागा वाचून दाखवला.

शनिवारच्या डाइव्ह रद्द केल्या. शॉपला मेसेज टाकला, त्यांनी त्या बुधवारी आणि गुरुवारी सकाळी बसवून दिल्या, फेरीही शनिवारी सकाळची केली. @बेटावरची ताई, जेल नक्की बघणार, सासूबाईंनीही तेच सांगितलंय.

ट्रॉली सोडून ऑफिसची जुनी सॅक घेतली आणि रेग्युलेटर, मास्क, रिकामा टॉर्च, बॅटऱ्या डबीत, चार्जर, पॉवर बँक, एक जोड कपडे असं भरून मोजलं तर सहा किलो चारशे भरले. स्विमसूट पण घालणार आहे त्यात, चेक-इन बॅग मागे राहिली तरी पहिल्या दिवशी शॉपची बीसीडी आणि फिन्स घेऊन पाण्यात उतरता येईल.

एकच शंका राहिलीय. रेग्युलेटरबरोबर छोटी टूल किट आलीय, अ‍ॅलन की, एक लहान स्पॅनर, ओ-रिंगा, सिलिकॉन ग्रीस, मास्कचा जास्तीचा पट्टा. ही केबिनमध्ये चालेल का? आणि इमर्जन्सीची छोटी हवेची बाटली मिळते ती घ्यावी का असं नवरा विचारतोय.

---

मालवणी_डायव्हर

अ‍ॅलन की, स्पॅनर चेक-इनमध्ये. हत्यारांच्या बाबतीत त्या त्या जागेवरचा सिक्युरिटीवाला ठरवतो, पंचवीस-पन्नास ग्रॅमच्या वस्तूसाठी तिथे थांबून राहायला नको. ओ-रिंगा, पट्टा, ग्रीसची डबी केबिनमध्ये चालतील, फिन्सचा जास्तीचा पट्टाही त्यातच टाका. माउथपीस बांधायला दोन केबल टाय ठेवा, ते निसटल्याने अख्खी डाइव्ह सोडून द्यावी लागलेले लोक बघितलेत.

छोटी बाटली नको. भरलेली बाटली विमानात कुठेच चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. रिकामी न्यायची तर व्हॉल्व्ह काढून आत काही नाही हे दिसलं पाहिजे आणि तरीही प्रश्न विचारले जातातच. नवऱ्याला सांगा पाण्यात बायकोपासून दोन हातांपेक्षा लांब जायचं नाही, तिच्या ऑक्टोपसमधून हवा घ्यायचा सराव पहिल्या डाइव्हच्या आधी उथळ पाण्यात पुन्हा एकदा करून घ्या दोघांनी. आणि सर्व्हिसिंगची पावती रेग्युलेटरच्या बॅगेतच ठेवत जा, पुढच्या वर्षी तारीख शोधावी लागत नाही.